कुटुंबासाठी एसयूव्ही हवी, पण चालवण्याचा आनंद सोडवत नाही

वाचकाचे पत्र, सारांशाने: चाळिशीतल्या एका भगिनीने लिहिले आहे. घरात पती, नऊ आणि दोन वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखीने त्रस्त सासूबाई, असे पाच जणांचे कुटुंब आहे. त्या अनेक वर्षांपासून एक छोटी हॅचबॅक चालवतात, गाडी चालवणे ही त्यांची मनापासूनची आवड आहे, पण आता ती गाडी सर्वांना अपुरी पडते. तीन एसयूव्ही त्यांच्या विचारात आहेत. पहिली उंच, लांबलचक, ट्रकसारख्या लोखंडी चौकटीवर बांधलेली सात आसनी गाडी. ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’ असे पतींचे ठाम मत असल्याने त्यांचा तिच्यासाठी आग्रह आहे. दुसरी ताकदवान इंजिनाची, वीस इंची चाकांची आणि चारही चाकांना ताकद देणारी. ती या भगिनींनी शोरूमच्या माणसाबरोबर चालवून पाहिली आणि त्यांना ती फार आवडली. तिसरी मध्यम आकाराची, अपघात चाचणीत पाच तारे मिळवलेली. पण परीक्षणांत तिला ‘कंटाळवाणी’ म्हटल्याने त्यांनी ती चालवूनही पाहिली नाही. थोरल्या मुलाला गाडी लागते, हीदेखील एक काळजी आहे. त्यांचे प्रश्न दोन आहेत. आराम, सुरक्षितता आणि चालवण्याचा आनंद यांपैकी एकावर पाणी सोडावेच लागते का? आणि कुटुंबाची गाडी निवडताना स्वतःच्या आवडीला स्थान देणे हा स्वार्थ ठरतो का?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या प्रश्नाच्या दडपणामुळेच बाकीची निवड अधिक अवघड झाली आहे असे पत्र वाचताना जाणवले. तुम्ही गाडीच्या गुणांची जणू वाटणी केली आहे: आराम सासूबाईंचा, सुरक्षितता मुलांची आणि आनंद तेवढा तुमचा. मग ज्याचा वाटा सर्वांत आधी कापायचा तो तुमचा, हे ओघाने आलेच. ही वाटणीच मला मान्य नाही. जी गाडी चालकाच्या हाताला आणि पायाला नेमका, अपेक्षित प्रतिसाद देते, ती तुम्हाला सफाईने चालवता येते, आणि त्या सफाईचा पहिला लाभ मागे बसलेल्यांना होतो. ब्रेकचे पेडल जिथे किंचित दाबल्यावर किंचितच लागते, जास्त दाबल्यावर त्याच प्रमाणात जास्त लागते, तिथे प्रवाशांच्या माना पुढे झुकत नाहीत. स्टेअरिंग वळवल्याबरोबर जी गाडी शांतपणे वळणाला लागते, तिथे वळणाच्या मध्यावर पुन्हा सावरण्याची वेळ येत नाही आणि मागच्यांना दोनदा हेलकावा बसत नाही. हा आनंद हवा असणे म्हणजे स्वार्थ नव्हे. मात्र आनंद याचा अर्थ पाठीला बसणारा वेगाचा धक्का एवढाच असेल, तर त्याचा कुटुंबाच्या गाडीत फारसा उपयोग नाही हेही स्पष्ट सांगायला हवे. तुमच्या छोट्या हॅचबॅकमध्ये मोठे इंजिन नाही, तरीही ती तुम्हाला इतकी वर्षे आवडली. तुम्हाला नेमके काय आवडते, याची साक्ष तीच गाडी देते.

थोरल्या मुलाचा मुद्दा मी याच्याशी जोडूनच घेतो. दोन वर्षांखालील मुलांना गाडी सहसा लागत नाही, त्यानंतर मात्र साधारण बारा वर्षांपर्यंत हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. तुमचा मुलगा अगदी त्या वयात आहे. मोटारीत मळमळ होते ती मुख्यतः खड्ड्यांच्या दणक्यांनी नव्हे, तर वेग वाढवताना, ब्रेक लावताना आणि वळताना शरीराला बसणाऱ्या संथ, लांबट ओढीमुळे. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल नोंदवते, पण समोरच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे लागलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि या विसंगतीने पोटात ढवळू लागते. चालकाला गाडी जवळजवळ कधीच लागत नाही, कारण पुढची हालचाल कोणती होणार हे त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून मुलाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: चालवणाऱ्याचा हात संथ असावा आणि मुलाला समोरचा रस्ता दिसावा. काही एसयूव्हींत मागच्या खिडकीची खालची कड डिकीकडे जाताना झपाट्याने वर चढते. बाहेरून ती रेषा देखणी दिसते, पण नऊ वर्षांच्या मुलाला आतून फक्त दाराचे प्लॅस्टिक दिसते. शोरूममध्ये स्वतः मागे बसा आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत खाली सरकून बाहेर पाहा.

आता आरामाविषयी. बहुतेकांना आराम म्हणजे मऊपणा वाटतो आणि शोरूममध्ये सीटवर बसताच तसा ग्रहही होतो. परंतु फार मऊ सस्पेन्शनची (चाके आणि गाडी यांच्यामधील स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरची) उंच गाडी उंचवट्यावरून गेल्यावर एकदा उसळून थांबत नाही, पुनःपुन्हा झुलत राहते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला कलंडते. त्या झुलण्याने मागे बसलेला माणूस थकतो. दुसऱ्या टोकाला, मानवी शरीराला बसलेल्या स्थितीत सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी उभी कंपने सर्वाधिक जाणवतात, आणि ताठ सस्पेन्शन व पातळ टायर नेमकी तीच कंपने सीटपर्यंत पोहोचवतात. चांगली गाडी बारीक खडबड चाकांपाशीच जिरवते आणि मोठ्या उंचवट्यावर एकदाच वर जाऊन लगेच स्थिरावते. ज्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे सासूबाईंची पाठ वाचते, त्याच्याच चांगल्या जुळणीमुळे वळणावर तुमच्या हाताला भरवसा वाटतो आणि अचानक अडथळा टाळताना गाडी ताब्यात राहते. तुम्ही ज्या तीन गुणांना एकमेकांचे वैरी समजता, त्यांचा मोठा भाग एकाच ठिकाणी घडतो तो असा. खरा विरोध असतो तो या तिन्ही गुणांचा एका बाजूला आणि गरजेपेक्षा जास्त उंची, जास्त वजन व जास्त मोठी चाके यांचा दुसऱ्या बाजूला.

चाकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या गाडीचा सगळा तिढा तिथेच आहे असा माझा कयास आहे. टायरवर छापलेले आकडे वाचायला सोपे असतात. २२५/६५ आर १७ याचा अर्थ टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, त्याच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण १४६ मिलिमीटर हवा भरलेले रबर आहे. त्याच गाडीला २२५/५५ आर १९ टायर बसवले, तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण रबराची उंची १२४ मिलिमीटरवर येते. खड्ड्याच्या कडेशी सर्वांत आधी गाठ पडते ती या रबराची, आणि त्याचे २२ मिलिमीटर केवळ दिसण्यासाठी कमी केलेले असतात. मोठे रिम बहुधा जडही असते. ते खड्ड्यातून वर उसळताना सस्पेन्शनला सावरणे कठीण जाते. त्यातच खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायर फुगण्याची शक्यता वाढते, आणि नवा टायरही महाग पडतो. मोठ्या चाकांनी स्टेअरिंगला थोडी तत्परता येते हे खरे आहे, पण कुटुंबाला घेऊन ज्या वेगाने तुम्ही गाडी चालवणार, त्या वेगात ती क्वचितच जाणवेल. अडचण अशी की निर्माते मोठी चाके सर्वांत महागड्या आवृत्तीला जोडतात. म्हणून दुसरी गाडी कोणत्या आवृत्तीत लहान चाकांसह मिळते ते विचारा, आणि त्या आवृत्तीत सुरक्षेची साधने कमी तर केलेली नाहीत ना, हे ओळ न् ओळ ताडून पाहा. लहान चाकांची दुसरी गाडी ही तुम्ही चालवलेल्या गाडीपेक्षा वेगळी गाडी आहे असे समजून तिची नव्याने पारख करावी.

तुमच्या पतींचे म्हणणे मी हलके लेखणार नाही. दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली, तर जड गाडीच्या वेगात कमी बदल होतो आणि तिच्यातील माणसांना तुलनेने कमी इजा होते, हे भौतिकशास्त्रच सांगते. परंतु अपघात हे टकरीपुरते मर्यादित नसतात. गाडी रस्ता सोडते, उलटते, वेळेत थांबत नाही, पुढे उभे असलेले मूल चालकाला दिसत नाही. या प्रत्येक ठिकाणी उंची आणि वजन उलट विरोधात जाऊ शकतात. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन उलटण्याचा धोका मोजताना एक साधे गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितके कमी, तितका उलटण्याचा धोका जास्त. साध्या मोटारींत ते बहुधा १.३० ते १.५० असते आणि उंच गाड्यांत १.०० ते १.३०. समजा चाकांमधील अंतर १.६० मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर आहे, तर उत्तर १.२३ येते. टपावर सामान बांधून गुरुत्वमध्य फक्त ५ सेंटिमीटर वर गेला, तरी ते १.१४ पर्यंत उतरते. गाडी तीच, चालकही तोच, पण भरल्या गाडीचे वागणे बदललेले असते.

१९९७ साली स्वीडनमधील ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या मासिकाने अचानक आलेला प्राणी चुकवण्याची चाचणी घेताना मर्सिडीझची ए-क्लास ही आखूड आणि उंच मोटार उलटली होती. त्यानंतर निर्मात्यांनी तिचे सस्पेन्शन बदलले आणि गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा सर्व ए-क्लासमध्ये बसवली. युरोपीय संघात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ही यंत्रणा सक्तीची आहे. ही यंत्रणा, स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक आणि मागच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या, खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग ज्या आवृत्तीत नाहीत, ती आवृत्ती विचारातच घेऊ नका. मग गाडी कितीही मोठी असो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या रचनेबद्दलही पुष्कळांचा गैरसमज असतो. ती चिखलातून आणि ओल्या चढावर गाडी पुढे काढायला मदत करते, पण ब्रेक लावताना तिचा काहीच उपयोग नसतो, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतो आणि गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. तुम्हाला निसरड्या वाटा नेहमी तुडवायच्या नसतील, तर त्या यंत्रणेचे पैसे उत्तम टायरमध्ये घालावेत.

तिसऱ्या गाडीच्या पाच ताऱ्यांकडेही डोळसपणे पाहायला हवे. तारे कोणत्या संस्थेचे, कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या आवृत्तीचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात; युरोपात गाड्यांच्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२० मध्ये समोरच्या टकरीसाठी १४०० किलोचा, समोरून ५० किलोमीटर वेगाने येणारा अडथळा वापरायला सुरुवात केली आणि गाडीही त्याच वेगाने त्यावर आदळवली जाऊ लागली. दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे म्हणूनच सारखे नसतात. शिवाय एकूण ताऱ्यांपेक्षा मुलांच्या सुरक्षेचे वेगळे गुण वाचा. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२२ मध्ये समोरच्या टकरीच्या चाचणीत चालकाच्या मागे लहान चणीच्या स्त्रीएवढा, म्हणजे साधारण बारा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवला, तेव्हा १५ छोट्या एसयूव्हींपैकी फक्त २ गाड्यांना चांगला शेरा मिळाला आणि ९ गाड्यांना खराब. पुढच्या सीटवरील माणसांसाठी सीट बेल्ट, एअरबॅग सुधारत गेले आणि मागची रांग मागे राहिली, असा त्याचा अर्थ आहे. तुमच्या घरातील तीन माणसे मागेच बसणार आहेत. त्यामुळे मागच्या बेल्टला टकरीच्या क्षणी ताणून धरणारी आणि नंतर छातीवरचा दाब मर्यादित ठेवणारी यंत्रणा आहे का, हे विक्रेत्याला विचारा आणि उत्तर माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

कोण कुठे बसणार हा तुमच्या निवडीतील सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. दोन्ही मुलांची आसने मागच्या दोन कडांना बसवली, तर उरते ती मधली जागा, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी दोन आसनांच्या मध्ये सरपटत जाऊन बसायचे ही कल्पनाच करवत नाही. माझी सूचना अशी: सासूबाईंना पुढे बसवा. मागे एका कडेला धाकट्याचे आसन, दुसऱ्या कडेला तुमचे पती आणि मध्ये थोरला मुलगा, उंची वाढवणाऱ्या बूस्टरवर. तिथून त्याला दोन्ही पुढच्या सीटच्या मधून समोरचा रस्ता दिसेल आणि त्याची मळमळही कमी होण्याचा संभव आहे. अर्थात यासाठी मधल्या जागेला तीन बिंदूंचा बेल्ट आणि डोक्याला आधार देणारा हेडरेस्ट हवा, आणि मागची रांग खांद्यांपाशी पुरेशी रुंद हवी. माहितीपत्रकात गाडीची बाहेरची रुंदी ठळक छापतात. तुम्हाला मोजायची आहे ती आतली.

म्हणून घरी असलेली मुलांची आसने बरोबर घेऊनच शोरूममध्ये जा आणि ती तिथे प्रत्यक्ष बसवून बघा. आयसोफिक्सच्या (मुलांचे आसन थेट गाडीला अडकवायच्या) कड्या गादीत खोल दडलेल्या असतात का, बूस्टर ठेवल्यावर बेल्टचे कुलूप त्याच्याखाली जाते का, धाकट्याचे आसन पाठमोरे बसवल्यावर पुढची सीट किती सरकवावी लागते, हे दहा मिनिटांत कळते आणि वाचून कधीच कळत नाही. मुलांच्या आसनांविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या नियमानुसार मुलाला किमान १५ महिन्यांचे होईपर्यंत पाठमोरे बसवावे लागते, परंतु आसनाची मर्यादा परवानगी देते तोवर त्यापुढेही पाठमोरे ठेवणेच मानेसाठी अधिक सुरक्षित असते. आयसोफिक्सवर लावायच्या अशा आसनाचे आणि मुलाचे मिळून वजन ३३ किलोंपर्यंतच चालते, हे ध्यानात ठेवा.

सासूबाईंसाठी पायदान, हँडल वगैरे गोष्टी बोलल्या जातात, पण मुख्य माप एकच आहे: जमिनीपासून सीटच्या गादीची उंची. ती त्यांच्या नितंबांच्या उंचीच्या जवळपास असेल, तर त्यांना खाली बुडावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही. पाठमोरे होऊन बसायचे आणि पाय आत घ्यायचे, एवढेच उरते. तुमची पहिली गाडी इथे नापास होईल अशी मला शंका आहे. चौकटीवर बांधलेल्या उंच गाडीत आधी पायरी चढावी लागते, आणि उतरताना दुखऱ्या गुडघ्यावर संपूर्ण भार येतो. त्यांना विचारून नव्हे, त्यांना बसवून ठरवा. घरातील मोठी माणसे ‘चालेल, मला काही त्रास नाही’ असे सहज म्हणून जातात, पण दार धरून उतरताना चेहरा खरे सांगतो.

सात आसनांविषयी एवढेच विचारतो की सहावा माणूस तुमच्या गाडीत खरोखर किती वेळा बसतो? दुसऱ्या रांगेत मुलाचे आसन पक्के बसवलेले असले, तर तिथली सीट पुढे कलंडवता येत नाही आणि तिसऱ्या रांगेत जायची वाट निम्मी बंद होते. तिसरी रांग उघडल्यावर डिकी नावापुरती उरते, आणि तिथे बसणाऱ्याच्या डोक्यामागे काचेपर्यंत फारच थोडे अंतर असते. वजनाचाही हिशेब करावा. समजा गाडीचे कमाल अनुमत वजन २२०० किलो आणि रिकामे वजन १७०० किलो आहे. मग माणसे आणि सामान मिळून ५०० किलो चालतात. सरासरी ६५ किलोची सात माणसे बसली की सामानाला ४५ किलो उरले. काही देशांत रिकाम्या वजनात ७५ किलोंचा चालक धरलेला असतो, तेव्हा ते आधी तपासा. नातलगांना घेऊन दर आठवड्याला जाणे होत असेल, तर मात्र तिसरी रांग ही चैन नव्हे, गरज आहे, आणि मग चौकटीवरच्या गाडीऐवजी एकसंध सांगाड्याची, कमी उंचीची सात आसनी गाडी शोधा.

तर तीन गाड्यांपैकी माझा कौल कोणाला? आधी तिसरीला, पण ती तुम्ही स्वतः चालवल्यानंतरच. परीक्षक बहुधा एकटा असतो, मोकळ्या रस्त्यावर असतो आणि एका आठवड्यात चार गाड्यांची तुलना करतो. त्याला जे कंटाळवाणे वाटते, ते पाच माणसे बसलेल्या गाडीत शांतपणा ठरू शकते. तुम्ही पाहायचे ते असे. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग मध्यावरून अगदी थोडे हलवले की गाडी लगेच ऐकते का, की तिथे पोकळी आहे? स्टेअरिंग वरखाली होते तसेच पुढेमागे होते का, म्हणजे पाय आणि हात दोन्ही नीट पोहोचतील? पुढच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब वळणावर रस्ता झाकतात का? पूर्ण भरलेली असताना ६० वरून १०० किलोमीटर वेगापर्यंत ती न कण्हता पोहोचते का? शून्यापासून शंभरपर्यंतचा आकडा कागदावर झळकतो, परंतु ओव्हरटेक करताना कामी येतो तो हा मधला पट्टा. गिअरबॉक्स चढावर उगाच गिअर बदलत राहतो का, हेही ऐका. ‘स्पोर्ट’ लिहिलेले बटण दाबल्यावर केवळ अ‍ॅक्सिलरेटर अधिक उतावळा होत असेल, तर त्याचा मोह धरू नका. त्याने मुलाला लवकर मळमळेल. या कसोट्यांत तिसरी गाडी मनाला अगदीच भिडली नाही, तर लहान चाकांची दुसरी घ्या, त्यात मला काही वावगे दिसत नाही. पहिलीला मी शेवटी ठेवतो. खडकाळ वाटा किंवा भार ओढणे हे तुमचे रोजचे काम असते, तर तिला वरचा क्रमांक दिला असता.

एक चौथा पर्याय पत्रात नाही, तो सुचवतो. लांब डिकीची स्टेशन वॅगन किंवा किंचित उंच केलेली वॅगन तुमच्याकडे मिळत असेल, तर ती नक्की पाहा. तिचा गुरुत्वमध्य खाली असतो, सामान पुष्कळ मावते आणि चालवायला ती तुमच्या हॅचबॅकच्या जवळची वाटेल. प्रश्न फक्त सासूबाईंच्या सीटच्या उंचीचा राहील. विजेवर चालणाऱ्या एसयूव्हीत जड बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, पण एकूण वजन वाढल्याने सस्पेन्शन अधिक ताठ ठेवावे लागते. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा: बॅटरीमुळे मागची जमीन वर आली असेल तर बसलेल्याचे गुडघे उंच राहतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. लांब प्रवासात तुमच्या पतींना त्याचा त्रास होईल.

पतींशी बोलताना ‘मला चालवायला आवडते’ या वाक्याने सुरुवात करण्याची गरज नाही, आणि ते लपवण्याचीही नाही. त्यांना मागच्या सीटवर बसवून तिन्ही गाड्या चालवा. शोरूमची ठरलेली गुळगुळीत फेरी नाकारा. संपूर्ण कुटुंब आणि आसने घेऊन, तुमच्या रोजच्या सर्वांत खराब रस्त्यावरून, एका मोठ्या गतिरोधकावरून आणि एका लांब वळणावरून न्या. एकदा पतींनी चालवावे आणि तुम्ही मागे बसावे. शेवटी गाडी थांबवून, तुमच्या धाकट्याच्या उंचीचे एखादे खोके बॉनेटच्या पुढे जमिनीवर ठेवा आणि चालकाच्या सीटवरून ते किती लांब नेल्यावर दिसू लागते ते पावलांनी मोजा. मग हाच प्रयोग गाडीच्या मागेही करा. उंच, सपाट नाकाच्या गाडीसमोर हे अंतर पाहिल्यावर मोठेपणाबद्दलची चर्चा तुमच्या घरात वेगळ्या पातळीवर होईल, अशी माझी खात्री आहे. कॅमेरा आहे म्हणून हा प्रयोग टाळू नये, कारण चिखलाने माखलेल्या भिंगातून काही दिसत नाही.

गाडी घरी आल्यावर दाराच्या चौकटीवर चिकटवलेला टायरच्या हवेचा तक्ता पाहा. तिथे कमी भारासाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा आकडा असतो. पाच जण आणि सामान घेऊन निघण्याच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, दुसऱ्या आकड्यानुसार हवा भरून घ्या आणि परतल्यावर पुन्हा पहिल्या आकड्यावर आणा.